बन्सीच्या काट्याला पोट सुटलं

श्रीगोंद्याहून साखर कारखान्याकडं जाताना फाट्यावर डाव्या हाताला बन्सीचा वजनकाटा लागतो. उसाची भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरसकट उभी राहील एवढी लोखंडी प्लेट, तिला लागून एक खोली, खोलीत लाल आकड्यांची पाटी, पाटीच्या वर भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि त्या दोघांच्या नजरेखाली खुर्चीत बन्सी. वरून हे दोघं बघत असताना लबाडी करायला माणूस फार निर्ढावलेला लागतो, आणि बन्सी तसा नव्हता. हंगाम सुरू झाला की शेतकरी आपला ऊस आधी इथं तोलून घेत आणि मग कारखान्याला नेत. कारखान्यावर कुणाचा अविश्वास होता असं नव्हे. पण लेकीला सासरी धाडताना आई एकदा डोळे भरून बघून घेते, तसं ते ऊस बन्सीच्या काट्यावर बघून घेत.

काटा किती खरा, याच्या कथा लांबवर गेल्या होत्या. प्लेटवर उभं राहून कुणी शिंकलं तर आकडा हलतो, हे शाळकरी पोरांनाही ठाऊक होतं. बन्सीचा दोस्त सहादेव त्याच्याही पुढं जाऊन सांगे, की टेम्पोवाल्या अजिनाथनं मिशी काढली त्या दिवशी त्याच्या गाडीचं वजन कमी भरलं, आणि बन्सीनं पावती द्यायच्या आधी खिडकीतनं मान बाहेर काढून विचारलं, "अजिनाथ, मिशी कुठं ठिवली?" अजिनाथ समोर असला तर ओठावरून बोट फिरवी आणि म्हणे, "घरी, आरशाफुडं."

हा सहादेव म्हणजे लिंबोणीच्या बागेचा मालक. बन्सीच्या वर्गात शिकलेला, रोज संध्याकाळी चहाला काट्यावर हजर, आणि चहा संपला की चहा पाजणाऱ्याचीच टिंगल करणारा. बन्सीला त्याचा राग येत नसे. इतक्या वर्षांत रागाची जागाच झिजून गुळगुळीत झाली होती. मागच्या हंगामाच्या तोंडावर मात्र ती पुन्हा हुळहुळली.

झालं असं, की लिंबोणीच्या खोडातनं डिंक गळायचा रोग लागू नये म्हणून बागवाले खोडाला बोर्डो लावतात. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना पाण्यात कालवलेला. सहादेवनं आपल्या शेतकरी गटाच्या सगळ्या बागवाल्यांसाठी मिळून कळीचा चुना मागवला. भट्टीतनं नुकता निघालेला, पांढरे खडखडीत खडे, गोण्यांत शिवलेले. अजिनाथच्या टेम्पोत चुना आला, बन्सीच्या काट्यावर चढला, वजन झालं, पावती निघाली, आणि तेवढ्यात अजिनाथला फोन आला. तुळशीची लग्नं लागून गेली होती, आता माणसांच्या लग्नांना ऊत आला होता, आणि राहात्याला अजिनाथच्या मेव्हण्याचं ठरता ठरता अचानक ठरलं होतं. अजिनाथनं टेम्पो काट्याशेजारी कडुनिंबाखाली लावला, वर ताडपत्री ओढली, किल्ली खिशात घातली आणि मिळेल त्या एसटीनं गेला.

तो परत येईपर्यंत आठवडा गेला. आठवडाही असा, की दुपार झाल्याशिवाय सूर्य तोंड दाखवेना. धुकं एवढं दाट, की सहादेव चहाला निघताना आधी हाक मारी आणि बन्सी ओ देईल त्या दिशेनं चालत येई. एक दिवस बन्सी झोपला होता, त्यानं ओ दिली नाही, तर सहादेव हाका मारत मारत काष्टीच्या बाजारापर्यंत जाऊन पोचला. तिथं एका बैलानं ओ दिली तेव्हा त्याला चूक कळली.

अजिनाथ आला तसे गटातले बागवाले चुना वाटून घ्यायला जमले. त्यांत गहिनीनाथ होता. गहिनीनाथ म्हणजे सकाळी आरशात बघितलं तरी आधी खात्री करून घेणारा माणूस.

"म्या काय आधीचं वजन डोळ्यांनी बघितलं न्हाई," तो म्हणाला. "समक्ष काटा करा, मंग वाटा."

"करू की," बन्सी म्हणाला. "काटा काय दमतो व्हय?"

टेम्पो प्लेटवर आला. लाल आकडे पळाले, घुटमळले, थांबले. बन्सीनं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. आकडे तसेच. आठवड्यापूर्वीच्या वजनापेक्षा सव्वा क्विंटल जास्त.

कमी भरलं असतं तर गोष्ट सोपी होती. चोर शोधला असता. जास्त भरलं, तेव्हा शोधायचं कुणाला?

सहादेवनं पाटीकडं बघितलं, बन्सीकडं बघितलं, आणि मांडीवर थाप मारली. "बन्स्या, तुज्या काट्याला पोट सुटलं की रं!"

सगळे हसले. बन्सी हसला नाही. तो बाहेर आला आणि टेम्पोभोवती फिरू लागला.

"अजिनाथ, तू गाडीत हायस का?"

"खाली हाय की, तात्या. तुमच्याफुडं."

"आन् त्या दिवशी?"

"त्या दिवशी वर हुतो."

"म्हंजी कमी भराया पायजे." बन्सीचा चेहरा आणखी उतरला.

मग शोध सुरू झाला. ताडपत्री दवानं ओली होती, ती काढली. आकडा जरासा उतरला, पण जरासाच. चाकांचा चिखल काठीनं खरवडला. टूलबॉक्स उघडला, त्यात जॅक, पाना आणि लग्नातला बुंदीचा मोठा पुडा निघाला. जॅक आणि पाना खाली ठेवले. बुंदी सगळ्यांनी मिळून वजनातनं वजा केली. तरी सव्वा क्विंटलातलं एक क्विंटल उरलंच. गोण्या मोजल्या, त्या जितक्या आल्या होत्या तितक्याच होत्या.

गहिनीनाथनं बुंदीचे हात पुसले. "बन्सीभाऊ, तुमी मानूस चांगले हायत. पर आज चुना वाढला. फुडच्या आठवड्यात कारखान्याची मोळी पडनार, गाळप सुरू हुनार. म्या ऊस घिऊन आलो आन् तो घटला तर? वाढवनारा काटा घटवनार न्हाई कशावरनं?"

बागवाले चुना न उतरवताच गेले. जाताना ते आपापसात दुसऱ्या गावच्या काट्याचं नाव घेत होते, आणि वारं बन्सीकडं होतं.

त्यानं त्याच दिवशी भाच्याला फोन लावला. भाचा सम्राट नागापूरच्या एमआयडीसीत वजनकाटे दुरुस्तीच्या कारखान्यात कामाला. तो दुसऱ्या दिवशी प्रमाण वजनं घेऊन आला, प्लेटखाली वाकून बघितलं, वजनं या कोपऱ्यात ठेवली, त्या कोपऱ्यात ठेवली, घामाघूम झाला आणि म्हणाला, "मामा, काटा एकदम ओके आहे. केसाचा फरक नाही."

बन्सीचा जीव भांड्यात पडला. पण गहिनीनाथपर्यंत ही बातमी गेली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "भाचाच हाय. मामाच्या काट्याला काय म्हनंल?"

आणि मग सहादेवची जीभ. त्यानं वाईट मनानं काही केलं नाही. त्यानं फक्त गोष्ट सांगितली, आणि सहादेवनं सांगितलेली गोष्ट ताकाच्या भांड्यात ठेवली तरी फुगते. बन्सीच्या काट्यावर उभं राहिलं की वजन वाढतं, इथवर ती पहिल्या दिवशी गेली. दुसऱ्या दिवशी काट्यावर गिऱ्हाइकं आली. कधी न आलेली. एक रद्दीवाला. एक भंगारवाला. बैलगाडीभर ओला कांदा घेऊन आलेला एक माणूस, जो सारखा इकडं तिकडं बघत होता. आणि गावातली बनुबाई, शेळीला दावं लावून.

"बनुबाई, शेळीचं वजन करायचंय?" बन्सीनं विचारलं.

"वजन नगं. तिला हितं ठिवते. आठ दिसांनी नेते, बाजाराच्या दिशी."

"ठिवून काय हुनार?"

"चुना वाढला म्हंत्यात. शेळी काय चुन्याहून गरीब हाय?"

तिला परत पाठवताना बन्सीच्या मानेला घाम आला. संध्याकाळी तो खोलीच्या पायरीवर बसला. ज्यांच्या तोंडी त्याचं नाव चांगलं म्हणून निघायचं ती माणसं वळसा घालून जात होती, आणि ज्यांना फसवायचं होतं त्यांची रांग लागली होती. आयुष्यभर जे नाव कमावलं त्याला एवढंच गिऱ्हाईक उरलं होतं.

बायको सुमनबाई भाकरी घेऊन आली. "जेवा. न्हाईतर तुमचंच वजन घटंल, आन् त्याचाबी आळ काट्यावर यील."

तो हसला नाही, पण जेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुक्यात तो खोली उघडायला आला तर बोक्या जागेवर नव्हता. बोक्या म्हणजे काट्यावरचं मांजर. संगणकाच्या डब्याच्या मागं ऊब असते म्हणून तिथं झोपायची त्याची सवय, आणि त्या उबेवरून त्याला हलवणं कलेक्टरलाही जमलं नसतं. बन्सीनं इकडं तिकडं शोधलं. बोक्या टेम्पोत होता. ताडपत्रीच्या फटीतनं शिरून चुन्याच्या गोणीवर पाय ताणून, पोट वर करून झोपलेला.

थंडीत मांजर पोट वर करून झोपत नाही. बन्सीनं त्याला उचललं आणि गोणीवर हात ठेवला.

गोणी गरम होती. दुरडीत तळाशी राहिलेल्या भाकरीइतकी गरम.

त्यानं ताडपत्री मागं ओढली. कडेच्या गोण्या टम्म फुगल्या होत्या, काहींची शिवण उसवली होती. आत हात घातला तर खडे नव्हतेच. पीठ होतं, मऊ, मैद्यासारखं पांढरं पीठ. मधल्या गोण्यांत बोट खुपसून बघितलं, तिथं अजून खडे शाबूत होते.

"सुमन! अगं सुमन!"

सुमनबाई पळत आली, आणि आधी त्याचा हात ओढून बाहेर काढला. "चुन्यात हात घालत्यात का? सोलून निघंल!"

"अगं, चुना विझला. पीठ झालं. पानी कुनी घातलं?"

"घालाया कशाला पायजे?" तिनं त्याच्या हातावर घागर ओतली. "आठ दिस धुकं काय कोरडं हुतं व्हय? मिठाच्या बरनीचं झाकन उघडं ऱ्हायलं तर मीठ पाझरतंय. चुना तर भट्टीतनं तान्हेलाच निघतो. पानी दिसलं तर पितो, न्हाई दिसलं तर हवेतनं वढून घेतो."

हातावरचं पाणी ठिबकत होतं आणि बन्सीच्या डोक्यात आकडे जागेवर बसत होते. चुना धुकं प्यायला होता. प्यालेलं धुकं गोणीतच राहिलं होतं. काटा पहिल्या दिवशीही खरं बोलला होता आणि आठव्या दिवशीही खरंच बोलला होता. त्यानं जे होतं तेवढंच सांगितलं. मधल्या दिवसांत आत काय येऊन बसलं, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

तो तसाच सहादेवच्या वस्तीवर गेला. चालत नव्हे, जवळजवळ पळत.

सहादेवनं सगळं ऐकलं, आणि बाजेवर आडवा होऊन हसला. हसता हसता खोकला लागला. त्याची बायको रतनबाई पाणी घेऊन आली.

"म्हंजी," सहादेव श्वास घेत म्हणाला, "दगडानं धुकं पिलं आन् त्याला पोट आलं?"

"व्हय."

"बन्स्या, लेका, तू माज्या थापा चोराया लागला. आन् चोरायच्या तर धड चोर. ही तर मलाबी सुचली नसती."

"ही थाप न्हाई, सहाद्या!"

"तेच तर वंगाळ झालंय," रतनबाई म्हणाली. "यांनी इतक्या थापा मारून ठिवल्यात की आता खरं बोलायला गावात जागाच ऱ्हायली न्हाई."

खरंच होतं ते. बन्सीनं दिवसभर ज्याला सांगितलं त्यानं हेच विचारलं, "सहादेवनं सांगितलं व्हय?" गहिनीनाथनं तर ऐकूनही घेतलं नाही. तो म्हणाला, "धुक्याला वजन असतं तर आमी आठ दिस डोक्यावर घिऊन हिंडलो असतो."

तेव्हा बन्सीनं ठरवलं, की आता सांगायचं नाही, दाखवायचं. मोळीच्या आदल्या दिवशी सकाळी त्यानं सगळ्यांना काट्यावर बोलावलं. नाश्त्याला सुमनबाई मिसळ करणार आहे, असंही सांगून ठेवलं, म्हणजे शंका असली तरी माणसं येतील. माणसं आली. गहिनीनाथ सर्वांत आधी आला आणि मिसळ खाऊनही शंका राखून बसला.

बन्सीनं प्लेटवर एक मोठं पिंप ठेवलं, अर्धं पाण्यानं भरलेलं. शेजारी मधल्या गोण्यांतला, अजून खडे असलेला चुना. सगळं मिळून जो आकडा आला तो खोलीच्या दारावर खडूनं मोठा लिहिला.

"आता बघा," तो म्हणाला. "ह्यातलं कायबी भायेर नेनार न्हाई, भायेरचं कायबी आत आननार न्हाई. फकस्त चुना पान्यात टाकनार. काटा खोटा असंल तर आकडा बदलंल."

सम्राट मागच्या खेपेला विसरून गेलेलं मोटारसायकलचं हेल्मेट सुमनबाईनं आणून बन्सीच्या डोक्यात घातलं. हेल्मेटमधला बन्सी प्लेटवर चढला आणि त्यानं गोणी पिंपात उलटी केली.

पिंप आधी गुरगुरलं. मग खडखडलं, मग असं खदखदायला लागलं, की पहिल्या रांगेतले दुसऱ्या रांगेत गेले आणि दुसऱ्या रांगेतले रस्त्यावर. वाफेचा लोट उठला. गहिनीनाथ वाफेत दिसेनासा झाला, त्याचा फक्त खोकला तिथं राहिला. बन्सी खाली उतरला. वाफ निवळली, सगळ्यांचे डोळे पाटीकडं वळले.

आकडा उतरला होता. थोडा नव्हे, चांगला नजरेत भरेल एवढा.

मग सहादेवला राहवलं नाही. "चढवतो बी, उतरवतो बी! बन्स्या, वजनकाटा न्हाई, लिफ्ट हाय ही. तशी पाटी लाव!"

हशाचा स्फोट झाला. बन्सीनं हेल्मेट काढलं आणि पायरीवर बसला. हेल्मेट मांडीवर घेऊन, दोन्ही हात त्याच्यावर ठेवून. तो कुणाकडंच बघत नव्हता.

सहादेव हसता हसता थांबला. बन्सीला असं बसलेलं त्यानं एकदाच पाहिलं होतं, बन्सीचा बाप गेला त्या दिवशी.

तेवढ्यात खोलीच्या ओट्यावरून, हातात पळी घेऊन, सुमनबाई कडाडली. "हसताय काय? वाफ गेली न्हाई का तुमच्या समद्यांच्या नाकातोंडात? पातेल्यावर झाकन न ठिवता भात लावला आन् पानी आटलं, तर पातेल्याला शिव्या देनार का? झाकन घाला की वर!"

बन्सीनं मान वर केली. "एवढ्या मोठ्या पिंपाला झाकन कुठलं आनू? आन् घट्ट बसवलं तर वाफ ते उडवून लावंल, मानसं मरतील."

"घट्ट कशाला? फुगंल असलं घाल." हे सहादेव म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं. त्यानं घसा खाकरला. "शेततळ्याचा कागद उरलाय माज्याकडं. जाड प्लास्टिक. फुगंल पर फाटनार न्हाई." आणि कुणी काही म्हणायच्या आत अजिनाथच्या मोटारसायकलवर मागं बसून तो निघून गेला.

कागद आला. पिंप धुऊन पुन्हा पाणी भरलं. पिंपाच्या तोंडावर आडवी फळी टाकली, फळीवर चुन्याचं घमेलं ठेवलं. वरून शेततळ्याचा काळा कागद तंबूसारखा सैल पांघरला, आणि त्याच्या कडा खाली पिंपाच्या बुडाशी दोरानं करकचून बांधल्या. दोर, कागद, फळी, घमेलं सगळं काट्यावर. नवा आकडा दारावर लिहिला. गहिनीनाथनं तो आधी दारावर वाचला, मग पाटीवर वाचला, मग पोटावर आडवा होऊन प्लेटखाली बघून आला, की कुणी हात तर लावून बसलेलं नाही ना.

"आता घमेलं कोन ढकलनार?" त्यानं विचारलं.

"तूच ढकल," बन्सी म्हणाला. "म्हंजी तुजा इस्वास बसंल."

गहिनीनाथनं लांबूनच बांबू घेतला आणि कागदावरूनच घमेल्याला ढोसणी दिली. आत धबकन आवाज झाला. बांबू टाकून तो मागं पळाला.

कागदाच्या आत पुन्हा गुरगुर सुरू झाली. मग कागद हलला. मग हळूहळू फुगू लागला, टोपलीएवढा, मग गवताच्या गंजीएवढा. सहादेव आज सांगतो, की पलीकडच्या वस्तीवरच्या लोकांना सर्कस आल्यासारखं वाटलं आणि ते पोरांना नवे कपडे घालून निघाले होते. ते सोडा. पण फुगला हे खरं. आत वाफ दाटली होती, कागदाला आतून चिकटून पाणी होऊन ओघळत होती, त्याचा सरसर आवाज बाहेर ऐकू येत होता.

आणि पाटीवरचा आकडा हलत नव्हता.

सगळे वाट बघत होते. आकडा हलत नव्हता. गहिनीनाथ पाटीला नाक लावून उभा होता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत त्यानं पापणी मिटली नाही. मागं तो कागद उकळत, डुलत, घोरत होता. खडे फुटत होते, त्यांचं पीठ होत होतं, चिखल होत होता. आकडा जो दारावर होता तोच पाटीवर होता.

"झालं का समाधान?" बन्सीनं विचारलं.

"न्हाई," गहिनीनाथ म्हणाला. "आता भोक पाडा."

"कशाला?"

"पाडा तर खरं."

अजिनाथनं बांबूला विळा बांधला आणि लांबून कागदाला एक चीर दिली. फूस करून वाफ सुटली आणि पिंपातनं पुन्हा नवी वाफ वर येत राहिली, चिरेतनं आकाशात चालली. सगळ्यांचे डोळे पाटीवर. आकडा थोडा वेळ तसाच राहिला, आणि मग, त्यांच्या समोर, शांतपणे खाली उतरला.

गहिनीनाथनं मोठा श्वास सोडला. तो वाफेकडं बघत होता. "म्हंजी हिलाबी वजन हाय."

"हाय," बन्सी म्हणाला. "चुना उकळू दे, फुटू दे, न्हाईतर नाचू दे. आतलं भायेर गेलं न्हाई आन् भायेरचं आत आलं न्हाई, तर वजन हाय तेवढंच ऱ्हातं. गेलं तर कुठंतरी गेलेलं असतं. आलं तर कुठनंतरी आलेलं असतं."

"आन् आपल्या टेम्पोत धुकं आलं."

"टेम्पोत धुकं आलं."

गहिनीनाथनं मान डोलवली. "मंग धुकं वाटून घ्यायचं का समद्यांनी?"

"गोनीमागं गोनी घ्या," सहादेव म्हणाला. "ज्याच्या वाटनीला धुकं जास्त त्यानं बोर्डोत पानी कमी घाला." आणि या वेळी जो हशा झाला त्यात बन्सीचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

दुपारपर्यंत चुना वाटून झाला. पिंपातला विझलेला चुना मात्र उरला, लोण्यासारखा गार आणि दाट. तो वाया घालवायला सुमनबाईचं मन होईना. तिनं दोन कुंचे आणले, एक बन्सीच्या हातात दिला आणि दुसरा सहादेवच्या. "तुमच्या तोंडानं काट्याचं नाव काळं केलंत ना भावजी, आता हातानं भिंत पांढरी करा."

सहादेवनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी, कारखान्याची मोळी पडली त्या सकाळी, दोघं खोलीच्या भिंतीला सफेदी मारत होते. ऊन आलं होतं, धुकं कुठं गेलं ते कुणाला माहीत नव्हतं.

"बन्स्या, आता ही भिंत जड झाली का?"

"झाली. पानी उडालं की हलकी हुईल. मंग हवेतनं एक गॅस वढून घील आन् परत जराशी जड हुईल. सम्राटनं फोनवर सांगितलं. भट्टीत दगड जाळताना त्याच्यातनं जो गॅस निघून जातो, तोच परत येतो आन् चुन्याचा पुन्यांदा दगड हुतो."

सहादेवचा कुंचा थांबला. "गेलेला गॅस परत येतो?"

"तोच न्हाई, त्याचा भाऊबंद. पर येतो."

"आन् भिंतीवर दगड हुऊन बसतो?"

"बसतो."

सहादेवनं ओल्या भिंतीला बोट लावून बघितलं. "हे माज्या समद्या थापांहून मोठं हाय."

"खरं हाय ते."

"म्हनूनच तुज्याच्यानं कुनाला पटनार न्हाई. माज्यावर सोड. म्या असं सांगतो की पटंल."

"तू सांगू नकोस!" बन्सी म्हणाला, पण हसत.

रस्त्यावर हॉर्न वाजला. उसानं भरलेली ट्रॉली वळण घेत होती, कांड्या बाजूला लोंबत, पाचट मागं उडत. ट्रॅक्टरवर गहिनीनाथ. हंगामातली पहिली गाडी.

तो सरळ प्लेटवर आला. बन्सी चुन्यानं माखलेल्या हातांनीच खोलीत पळाला. लाल आकडे पळाले, घुटमळले, थांबले. पावती निघाली, आणि खिडकीतनं देताना तिच्यावर बन्सीच्या बोटांचे पांढरे ठसे उमटले.

गहिनीनाथनं पावती घेतली. न वाचताच दुमडली, खिशात घातली आणि ट्रॅक्टर सुरू केला.

सहादेव कुंचा वर धरून ओरडला, "बन्स्या, बघितलंस का? वाचली न्हाई! गहिनीनाथनं वाचली न्हाई!"

"बघितलं," बन्सी खिडकीतनं म्हणाला. ट्रॅक्टर कारखान्याच्या रस्त्याला लागेपर्यंत तो तिकडंच बघत होता. "तू तो वरचा कोपरा कर. तिथं ऱ्हायलंय."